पिशवी घरूनच न्या



आज बोलूया बाजारहाटाबद्दल.
भाजीला निघालात?
मग कापडी पिशवी घरूनच न्या.

26 जुलै 2005 चा मुंबईतला पूर आठवतो ना?
तेव्हा नाले तुंबले,
त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांचाही वाटा होता.
2018 मध्ये राज्यभर या पिशव्यांवर बंदी आली.
तरी कोथिंबिरीची जुडी अजूनही पातळ पिशवीतून हातात पडते.
आपणच रिकाम्या हाताने गेलो,
तर भाजीवाल्या मावशी तरी काय करणार?
म्हणून म्हणते, पिशवी घरूनच न्या.

दुकानात मिळणारी रंगीत, कापडासारखी पिशवी नीट पाहा.
तिला विणलेले धागे नसतात,
बारीक दाबलेले ठिपके असतात.
ती बहुधा प्लॅस्टिकचीच असते.
त्यापेक्षा जुन्या चादरीची शिवा.

आता दुधाची पिशवी.
कोपरा कापताना पूर्ण तोडू नका.
चीर द्या, तुकडा पिशवीलाच राहू द्या.
एवढासा सुटा तुकडा कुणी वेचत नाही.
तो गटारात जातो.
रिकामी पिशवी धुवा, वाळवा,
आणि भंगारवाल्याला द्या.

वेफर्सचं चकचकीत पाकीट मात्र तो सहसा घेत नाही.
त्यात प्लॅस्टिक आणि धातूचे थर घट्ट चिकटलेले असतात.
ते वेगळे करणं फार अवघड.
तेव्हा फरसाण सुटं घ्या.
घरच्या पिशवीत एक डबाही ठेवा.
दुकानदाराला आधी रिकामा डबा तोलायला सांगा,
मग फरसाण भरून घ्या.