भुलीची सुई आणि आपण

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा गच्चीवरच्या गप्पा घराच्या हप्त्यांच्या असायच्या. आता हप्ते फिटले आणि विषय बदलले. कोणाचं पित्ताशय, कोणाचा हर्निया, कोणाचा गुडघा. तेव्हा सचिवांनी ‘आरोग्यावर बोला’ म्हटल्यावर मी एक लहानसा विषय निवडला. शस्त्रक्रियेआधी शिरेतून भूल देतात, त्या वेळी हाताची जी आग होते, ती कमी करता येते का? मी डॉक्टर नाही. आयुष्य बँकेच्या लेजरमध्ये गेलं. पण माझी भाची भूलतज्ज्ञ आहे. तिला विचारून, समजून घेऊन हे बोलतो आहे.

माझं पित्ताशय काढलं तेव्हाचा अनुभव सांगतो. टेबलवर निजवलं, हाताच्या पाठीवरच्या शिरेत दुधासारखं पांढरं औषध सोडलं आणि मनगटापासून वर आग चढत गेली. ‘हात जळतो आहे’ हे वाक्य पूर्ण होण्याआधी झोप लागली. नंतर टाके दुखले, ते विसरलो. ती आग मात्र लक्षात राहिली. भाचीला विचारलं तर म्हणाली, “मामा, हे तुमच्या एकट्याचं नाही. काहीच उपाय केला नाही तर शंभरातल्या साठेक जणांना दुखतं. आणि उपाय आहेत.”

या औषधाचं नाव प्रोपोफॉल. जॉन ग्लेन नावाच्या शास्त्रज्ञाने ते शोधलं. गृहस्थ मूळचे जनावरांचे डॉक्टर! १९८६ साली इंग्लंडमध्ये ते वापरात आलं आणि २०१८ साली ग्लेन यांना त्यासाठी अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. औषध गुणी आहे. अर्ध्या-पाऊण मिनिटात झोप लागते आणि जागही स्वच्छ येते. पण ते पाण्यात विरघळत नाही. म्हणून सोयाबीनचं तेल आणि अंड्याच्या बलकातलं लेसिथिन घालून त्याचं दुधासारखं मिश्रण करतात. (पक्क्या शाकाहारी मंडळींनी हे वाक्य ऐकलं नाही असं समजावं.) बरंचसं औषध तेलाच्या थेंबांत बसलेलं असतं, पण थोडं बाहेरच्या पाण्यात उतरतं, आणि तेच शिरेच्या आतल्या अस्तराला झोंबतं. हाताच्या पाठीवरची शीर बारीक आणि तिथला रक्ताचा ओघ कमी. औषध पातळ व्हायला वेळ लागतो, म्हणून तिथे जास्त जळतं.

आता उपाय. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १७७ चाचण्यांचा एकत्रित आढावा छापून आला. त्यात पंचवीस हजारांवर रुग्णांचा हिशेब होता. बँकेच्या माणसाला असा ताळेबंद आवडतो. त्यातून दोन उपाय सगळ्यांत वरचढ ठरले.

पहिला अगदी साधा. हाताच्या पाठीऐवजी कोपराच्या खोबणीतली मोठी शीर वापरायची. तेवढ्याने दुखण्याची शक्यता साधारण सातपट कमी होते. जादा खर्च नाही. मात्र कोपर वाकला की सलाईन अडते, आणि दर वेळी ती शीर मिळतेच असं नाही.

दुसरा उपाय लिग्नोकेनचा. आपण त्याला झायलोकेन म्हणून ओळखतो. दात काढताना बधिर करतात तेच. दंडाला पट्टा आवळून हाताच्या शिरेत थोडं लिग्नोकेन सोडतात, साधारण मिनिटभर तिथेच थांबू देतात, मग पट्टा सोडून भुलीचं औषध देतात. कोणी लिग्नोकेन प्रोपोफॉलमध्येच मिसळतात, कोणी आधी वेदनाशामकाचा छोटा डोस देतात. वेगळ्या तेलाचं, कमी झोंबणारं प्रोपोफॉलही मिळतं. नातवंडांसाठी आणखी एक सोय आहे. सुई टोचायच्या तासभर आधी लिग्नोकेन आणि प्रायलोकेनचं मलम लावून वर पट्टी चिकटवली, तर टोचलेलं फारसं कळत नाही.

कोणी म्हणेल, बुवा, दहा-वीस सेकंदांची तर आग, त्याचं एवढं काय? इथे मला आपल्या जंगलभागाची गोष्ट सांगायची आहे.

गडचिरोली जिल्हा १९८२ साली आपल्या चंद्रपुरातून वेगळा झाला. त्यानंतरच्या काळात माझी बदली तिकडे अहेरीच्या बाजूला होती. आमच्या शाखेत येणारे एक म्हातारे खातेदार हर्निया कमरेला बांधून वर्षानुवर्षं हिंडत. मी म्हटलं, बाबा, ऑपरेशन करून घ्या ना जी. ते म्हणाले, “साहेब, कापाचं भेव नाही. सुईचं भेव आहे.” त्यांच्या भावाला कुठेतरी सुई दिली होती, त्याने घरी येऊन जे सांगितलं त्यावरून अख्ख्या टोल्याने ठरवून टाकलं होतं. बँकेतही हेच पाहिलं आहे. काउंटरवर पहिल्या दिवशी कोणी खेकसलं की तो माणूस पुन्हा सावकाराकडेच जातो.

ही भीती ज्यांनी ओळखली त्यांची कामं आपल्या शेजारीच उभी आहेत. १९७३ साली हेमलकशात लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. तिथे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी आधी माडिया भाषा शिकून घेतली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ सुरू केली. दवाखाना कसा हवा हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं, आणि शोधग्रामात मोठ्या इमारतीऐवजी झोपड्यांसारखा, नातेवाइकांना सोबत राहता येईल असा दवाखाना उभा राहिला. नावही लोकांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी. मला यात एकच सूत्र दिसतं. रुग्णाला काय वाटतं हे विचारणं हा उपचाराचाच भाग आहे. झायलोकेनच्या थोड्याशा औषधाने एका माणसाची आग वाचली, तर तो गावात जाऊन चांगलं सांगतो आणि पुढचा माणूस वेळेवर दवाखान्यात येतो.

आता आपल्यासाठी चार कामाच्या गोष्टी सांगतो.

एक, शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ तपासायला येतात, तेव्हा न लाजता विचारा, “डॉक्टर, भुलीचं औषध जाताना हात जळतो म्हणतात. तो त्रास कमी करता येईल का?” उपाय कोणता, ते त्यांनाच ठरवू द्या. वय, हृदय, शिरा हे सगळं पाहून ते ठरवतात.

दोन, घरात कोणाला सिकलसेल असेल तर ते आवर्जून सांगा. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत हा आजार बराच आहे. अशा रुग्णाच्या हाताला पट्टा आवळायचा की नाही, इथपासून डॉक्टरांना विचार करावा लागतो. पाणी कमी पडणं, थंडी, प्राणवायू कमी होणं, हे सगळं त्यांना बाधतं. कार्ड असेल तर फाईलला लावा.

तीन, लिग्नोकेन, अंडं, सोयाबीन किंवा कशाचीही ॲलर्जी, हृदयाच्या ठोक्यांचा त्रास, मागच्या भुलीचा वाईट अनुभव, हे लिहून न्या. ऐन वेळी आठवत नाही.

चार, सलाईन लावलेल्या जागी दुखत असेल, फुगत असेल, तर भूल देण्याआधीच सांगा. सुई शिरेबाहेर सरकलेली असू शकते. ‘सहन करतो’ म्हणण्यात इथे काही मर्दुमकी नाही.

आपल्या पिढीला दुखणं गिळायची सवय आहे. डॉक्टरांना प्रश्न विचारणं म्हणजे त्यांचा अपमान, असं अनेकांना वाटतं. भाची म्हणते, “मामा, विचारणारा पेशंट आम्हाला बरा वाटतो, आमचं अर्धं काम तोच करतो.” तेव्हा पुढच्या वेळी कोणी ॲडमिट होत असेल, तर डबा घेऊन जाणाऱ्या शेजाऱ्याने ही चार वाक्यंही सोबत न्यावीत.

 रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा देऊन माझे दोन शब्द संपवतो.