साक्षीदाराचा शब्द



वकिलांच्या या अधिवेशनाचे अध्यक्षपद देऊन आपण माझा जो गौरव केलात, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. महामहोपाध्याय काण्यांसारखा धर्मशास्त्राचा आणि कायद्याचा प्रकांड पंडित ज्या जिल्ह्याने दिला, तेथे न्यायदानाविषयी बोलताना मन संकोचते. परंतु बेचाळीस वर्षे जे उरात बाळगले, ते आज या व्यासपीठावरून बोललो नाही तर पुन्हा बोलण्याचा योग येईल असा भरवसा नाही.

अध्यक्षाने व्यवस्थेचे समालोचन करावे, असा प्रघात आहे. तालुक्याला कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश, त्यांच्यावर वरिष्ठ स्तर, मग जिल्हा न्यायालय, त्यापुढे १८६२ साली स्थापन झालेले मुंबईचे उच्च न्यायालय आणि अखेरीस दिल्ली, ही उतरंड आपणां सर्वांना पाठ आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरास सर्किट बेंच बसू लागले आणि आमच्या पक्षकाराची मुंबईची खेप वाचून तो आंबा घाट चढून अपिलाला जाऊ लागला, याचा मला मनस्वी आनंद आहे. मात्र न्याय जवळ आला की नाही यावर काल या अधिवेशनात जो वाद रंगला, त्यात दोन्ही पक्षांनी अंतर मैलांतच मोजले. मला दिसते ते अंतर साक्षीदाराच्या तोंडापासून न्यायालयाच्या दप्तरापर्यंतचे आहे.

वकिलीच्या उमेदीच्या काळात एका वृद्ध विधवेचा दावा मी चालवला. डोंगरउतारावरच्या वाडीतून खालच्या विहिरीकडे जाणारी जांभ्या चिऱ्यांची पाखाडी शेजाऱ्याने गडगा घालून अडवली होती. जागेवर जाऊन मी पाखाडीचे चिरे मोजले. सत्तावीस होते, आणि पावलांनी झिजून मधोमध खोलगट झालेले होते. आजीने जबानीत स्वच्छ सांगितले, "ही पाखाडी सासऱ्यांच्याही आधीपासून आमच्या वहिवाटीची." न्यायाधीश कोकणाबाहेरचे, माणूस सालस; त्यांनी जबानी इंग्रजीत उतरवून घेतली, तेव्हा पाखाडीचा जिना झाला आणि वहिवाटीचा ताबा. माझे लक्ष पुढच्या प्रश्नाकडे होते, मी हरकत घेतली नाही. ती चूक माझीही आहे. खालच्या कोर्टात हुकूमनामा आमच्या बाजूने झाला, पण अपिलात प्रतिपक्षाने बिनतोड मुद्दा मांडला की, नकाशात जिना कोठेच नाही, आणि जिना असलाच तर तो घराचा खाजगी भाग होय, वहिवाटीची वाट नव्हे. हुकूमनामा फिरला. दुसऱ्या अपिलाचा दरवाजा तर १९७६ च्या दुरुस्तीपासून केवळ कायद्याच्या सारभूत प्रश्नापुरता उघडतो; वस्तुस्थितीचा निर्णय तेथे सहसा ढवळला जात नाही. म्हणजे तळाशी जो शब्द चुकला, तो वर जाता जाता दुरुस्त होण्याऐवजी घट्ट होत गेला.

निकालाची नक्कल घेऊन मी ओटीवर बसलो तेव्हा आजीने एवढेच विचारले, "भाऊ, मी जिना कधी म्हटलं हो?"

१९९८ साली राज्य शासनाने तालुका व जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी ठरवली, हे मोठे काम झाले. तरीही घटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदामुळे उच्च न्यायालयाचा कारभार इंग्रजीत चालतो, आणि मराठीत नोंदलेली जबानीही वर जाण्यापूर्वी भाषांतरकाराच्या हातून जाते. गडगा, वरकस, परडे, कातळ, आगर हे कोकणातले शब्द शहरी कोशाच्या आधाराने भाषांतरित होतात आणि त्यांतला हक्क गळून जातो. भाषांतर होऊ नये असे मी म्हणत नाही. मूळ शब्द देवनागरीत तसाच ठेवून त्यापुढे अर्थ द्यावा, एवढीच माझी मागणी आहे, आणि तिच्यासाठी मी कोणाशीही भांडायला तयार आहे.

जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांतील वकील संघांनी असे शब्द गोळा करावेत. समिती कोणती, खर्च कोणाचा, हे कार्यकारिणीने ठरवावे. माझ्यापाशी एक वही आहे. पहिल्या पानावर पाखाडी लिहिली आहे, तिच्या चिऱ्यांच्या संख्येसह. ती वही मी आज चिटणिसांच्या स्वाधीन करतो.