घसरण्याची गंमत आणि न घसरण्याची गरज

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त गच्चीवर झालेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



आयोजकांनी मला सांगितलं होतं, "विज्ञानावर काहीतरी बोला, पण मुलांना झोप येईल असं नको." म्हणून आज मी एक खेळणं घेऊन आलो आहे. सुट्टीत अमेरिकेहून आलेल्या आपल्या एका छोट्या पाहुण्याने ते आणलं, आणि त्याच्या परवानगीने मी ते इथे दाखवतो आहे. याला म्हणतात कार्पेट स्केट्स. दिसायला रुंद सपातासारखे. वर बूट अडकवायचा पट्टा, खाली गुळगुळीत प्लॅस्टिकचा तळ, कडा किंचित वर वळलेल्या. चाकं नाहीत, बर्फावरच्या स्केट्ससारखं पातं नाही, बॅटरी तर नाहीच. बुटावर चढवायचे आणि घरातल्या गालिच्यावर सूं करून घसरायचं.

हे पाहिल्यावर पहिला प्रश्न पडतो तो असा, की गालिच्यावर माणूस घसरेल कसा? गालिचा तर पाय धरून ठेवतो! अगदी बरोबर. रबरी तळाचा बूट गालिच्याच्या धाग्यांत दबतो आणि अडकतो. पण तळ रुंद, कडक आणि गुळगुळीत असला की वजन पसरतं, तळ धाग्यांत रुतत नाही आणि त्यांच्या टोकांवरून सरकत जातो. घरातलं जड कपाट हलवताना आपण त्याच्या पायांखाली गोणपाट सरकवतो ना, युक्ती तीच. फरक इतकाच, की इथे कपाटाच्या जागी नातू असतो.

आता हे खेळणं अमेरिकेतच का सुचलं? कारण तिथे त्याला लागणारी जमीन होती. जॉर्जिया राज्यात डाल्टन नावाचं गाव आहे. 1895 मध्ये तिथल्या कॅथरिन इव्हान्स नावाच्या किशोरवयीन मुलीने हाताने धागे ओवून एक गोंडेदार चादर तयार केली. 1900 मध्ये तिने पहिली चादर अडीच डॉलरला विकली. मग गावातल्या घराघरांत बायका हे काम करू लागल्या. पुढे त्यासाठी यंत्रं आली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच तंत्राने कृत्रिम धाग्यांचे गालिचे भराभर तयार होऊ लागले. ते स्वस्त झाले आणि सामान्य माणसाच्या घरातही या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गालिचा आला. आज डाल्टनला जगातली गालिच्यांची राजधानी म्हणतात. बाहेर बर्फ आणि आत घरभर गालिचा असेल, तर पोरं घसरायला काहीतरी शोधणारच!

गंमत पुढेच आहे. हा गालिचा घसरू देतो, पण फार लांब जाऊ देत नाही. मुलाने पाय रेटणं थांबवलं की थोड्याच अंतरात स्केट्स आपोआप थांबतात. तोल गेला तरी खाली मऊ असतं. म्हणजे रस्ता, ब्रेक आणि गादी ही तिन्ही कामं तो एकटा गालिचा करतो. हेच स्केट्स घालून आपल्या लॉबीतल्या चकचकीत फरशीवर उतरा. रस्ता मिळेल, पण ब्रेकही नाही आणि गादीही नाही. आपल्याकडचा दिवाणखान्यातला सुटा गालिचा तर त्याहून घातकी, कारण खेळणाऱ्याबरोबर गालिचाच निघतो फिरायला. म्हणून मुलांनो, हे स्केट्स इथे घालायचे नाहीत. खेळणं परदेशातून बॅगेत घालून आणता येतं, पण त्याची जमीन बॅगेत येत नाही.

थांबता न येण्याची गोष्ट फार जुनी आहे. बेल्जियममधल्या उई गावी जन्मलेला जॉन जोसेफ मर्लिन नावाचा एक कारागीर 1760 मध्ये लंडनला आला. त्याने चाकांचे स्केट्स तयार केले. नंतर छापल्या गेलेल्या हकिगतीनुसार, एका मोठ्या मेजवानीत तो ते घालून व्हायोलिन वाजवत शिरला. पण ना त्याला वळता आलं, ना थांबता. थेट भिंतीवरच्या किमती आरशावर आदळला. आरसा फुटला, व्हायोलिन मोडलं आणि स्वतःलाही बरंच लागलं. स्केट्सवर अंग कलतं करून वळता यावं ही सोय नीट साधायला त्यानंतर शंभर वर्षं लागली. 1863 मध्ये न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टन याने ते जमवलं. तेव्हा कुठे स्केटिंग हा घरादाराने मिळून खेळायचा खेळ झाला.

आपल्या कोकणातली मुलं तर कधीचीच घसरताहेत! पोफळीची झावळी गळून पडली की तिच्या बुंध्याकडच्या रुंद भागावर एकाने बसायचं आणि दुसऱ्याने पुढून ओढायचं. वाडीतली गाडी तयार. इथे सभागृहात असे अनेक आजोबा बसले आहेत, ज्यांनी ती गाडी चालवली आहे. खालची माती थोडं घसरू देते, थोडं धरते. पुन्हा तोच हिशेब.

या सगळ्यामागे आहे घर्षण. शाळेत आपण त्याला 'गतीला विरोध करणारं बल' म्हणून शिकलो आणि त्यामुळे ते खलनायक वाटू लागलं. खरं तर घर्षण नसेल तर आपल्याला एक पाऊलही टाकता येणार नाही. 1699 मध्ये फ्रान्सच्या गिय्योम आमोंतों यांनी मांडलं, की घर्षण हे दाबणाऱ्या वजनाच्या प्रमाणात वाढतं. वजन दुप्पट, तर घर्षणही दुप्पट. रबराला हा नियम तंतोतंत लागू पडत नाही, पण ढोबळमानाने चालतो. त्याचा अर्थ असा, की फरशी निसरडी असेल तर ती लठ्ठ-बारीक असा भेद करत नाही. सगळ्यांनाच पाडते!

आता मी मूळ मुद्द्यावर येतो. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा आपल्यातले बरेच जण चाळिशीत होते. आज ते पासष्टीच्या पुढे आहेत. तेव्हा जी मुलं मोजे घालून पॅसेजमध्ये घसरायची, त्यांची मुलं आज त्याच पॅसेजमध्ये घसरतात. माणसं बदलली, वयं बदलली, फरशी तीच आहे. गेल्या महिन्यात लॉबीत बोर्ड लागला आहे, 'येथे खेळण्यास व घसरण्यास सक्त मनाई आहे'. कमिटीची काळजी मला समजते. पळत्या मुलाचा धक्का लागून एखाद्या आजींचं खुब्याचं हाड मोडलं, तर पुढचे कित्येक महिने त्या घराची परीक्षाच असते. पण बोर्डाने मुलं थांबतील, पावसाळ्यात छत्रीचं गळणारं पाणी थांबणार नाही. पाण्याचा पातळ थर चप्पल आणि फरशीच्या मध्ये शिरला की आजींना पडायला मुलाच्या धक्क्याची गरज उरत नाही. बोर्ड मुलांसाठी लावला आहे, पण दुखणं फरशीचं आहे.

येत्या सर्वसाधारण सभेत लॉबीची फरशी बदलण्याचा विषय आहे. कंत्राटदार नमुने आणेल आणि सगळ्यांत चकचकीत फरशी सगळ्यांना आवडेल, हे मी आजच सांगतो. माझी विनंती अशी, की नमुना डोळ्यांनी निवडू नका, चपलेने निवडा. प्रयोग अगदी सोपा आहे. फरशी एका फळीवर पक्की बसवा आणि तिच्यावर पाणी शिंपडा. रोजच्या वापरातली झिजलेली चप्पल वर ठेवा आणि फळी एका बाजूने हळूहळू उचला. चप्पल घसरू लागली की थांबा. उचललेल्या टोकाची उंची मोजा आणि तिला जमिनीवरच्या आडव्या अंतराने भागा. आडवं अंतर 100 सेंटीमीटर आणि उंची 30 असेल, तर उत्तर 0.3. आकडा जितका मोठा, तितकी फरशीची पकड चांगली. प्रयोगशाळेतल्या चाचणीची सर याला येणार नाही, पण दोन नमुन्यांत डावं-उजवं नक्की कळेल. दहावीच्या मुलांना हे काम द्या. त्यांचा अभ्यास होईल आणि आपली फरशी पारखून मिळेल.

दुसरी विनंती मुलांच्या वतीने. घसरणं हा वात्रटपणा नाही. घसरताना मूल तोल सावरायला शिकतं, आपला वेग ओळखतं, पडलं तर कसं पडायचं हेही त्याला कळतं. त्यासाठी त्यांना हक्काची जागा हवी. क्लब रूममध्ये संध्याकाळी दोन तास जाड मॅट अंथरता येतील. मागच्या बाजूला, गाड्या जात नाहीत तिथे, हेल्मेट आणि गुडघ्याला पॅड लावून चाकांचे स्केट्स चालवता येतील. आणि ज्येष्ठांनो, तुमच्यासाठी एक घरगुती गोष्ट. बाथरूमबाहेरचं सुटं पायपुसणं आजच तपासा. ते फरशीवरून सरकत असेल, तर तेही कार्पेट स्केटच आहे, फक्त तुमच्या नकळत पायाखाली आलेलं.

पहिल्या पंचवीस वर्षांत आपण पाणी आणलं, लिफ्ट बदलली, गळती थांबवली. पुढच्या पंचवीस वर्षांची सुरुवात पायाखालून करूया. मुलांना घसरायला एक जागा आणि मोठ्यांना न घसरण्यासाठी बाकी सगळ्या जागा, एवढी वाटणी जमली तर तो मनाईचा बोर्ड काढता येईल.

सभेला येताना एक जुनी चप्पल आणि तांब्याभर पाणी जरूर आणा. चप्पल फक्त प्रयोगासाठी, कमिटीसाठी नव्हे!