सही करण्यापूर्वी आपला जिना पाहा

(मंडळाच्या वार्षिक सभेनंतर झालेल्या नागरी प्रश्नांवरील चर्चेत केलेले भाषण)



आम्ही काही पुढारी नाही. बँकेत कारकून आहोत. वीसेक वर्षे घरकर्जाच्या फायली हाताळण्यात गेली. त्यामुळे घर म्हटले की इतरांना वास्तुशांत आठवते, आम्हाला नकाशा, दस्त आणि बीयू परमिशन आठवते. अध्यक्षांनी सांगितले, "दहा मिनिटे बोला, पण कामाचे बोला." तेवढेच बोलतो.

गेल्या महिन्यात आमच्या अडाजणच्या सोसायटीत एक अर्ज सह्यांसाठी फिरला. महानगरपालिकेच्या झोन ऑफिसला द्यायचा अर्ज. मजकूर असा, की रो-हाऊसवर बेकायदा मजले चढवून खोल्या भाड्याने दिल्या जात आहेत, बाहेरची माणसे येऊन राहत आहेत, तरी सर्व वाढीव बांधकाम पाडून टाकावे. अर्ज घेऊन आलेले काका आमच्या वडिलांच्या वयाचे, मराठीच. त्यांनी पेन पुढे केले. आम्ही म्हटले, "काका, आज ठेवून जा, वाचून देतो." अजून सही केलेली नाही. का केली नाही, हे सांगायलाच आज उभे आहोत.

पहिले कारण आमच्याच डोक्यावर आहे. ऑगस्ट २००६ चा पूर इथल्या कुणाला आठवत नाही? उकाई धरणातून पाणी सुटले आणि तापीने निम्म्याहून जास्त शहर पोटात घेतले. आमच्या घरात छातीएवढे पाणी होते. आईला शेजाऱ्यांच्या गच्चीवर नेले आणि दोन रात्री तिथे काढल्या. पाणी ओसरल्यावर घरात एकच ठराव झाला, वर मजला पाहिजे. २००७ साली वर दोन खोल्या, एक मोरी आणि बाजूने लोखंडी जिना काढला. नकाशा मंजूर करून घेतला का? नाही. मागच्या बाजूला सोडायची मोकळी जागा, म्हणजे मार्जिन, तीही तीन फूट झाकली. सगळ्या गल्लीने तेच केले. अर्ज घेऊन आलेल्या काकांनीही तेच केले. पुढे धाकटा भाऊ लग्न होऊन वर राहिला, नंतर त्याची बदली झाली आणि वर भाडेकरू आले. म्हणजे ज्या घराविरुद्ध तो अर्ज होता, ते घर आमचेच होते.

आता कायद्याकडे वळू. गुजरातेत नगररचनेचा मूळ कायदा १९७६ चा. त्याखाली विकास आराखडा होतो, नगररचना योजना होतात, आणि २०१७ पासून राज्यभर एकत्रित विकास नियंत्रण नियम लागू आहेत. या नियमांत रो-हाऊस, टेनामेंट हा एक वर्ग आणि अपार्टमेंट हा दुसरा वर्ग. कोणत्या रस्त्यावर किती उंची, किती मार्जिन, प्लॉटच्या मानाने किती बांधकाम, म्हणजे एफएसआय, हे सारे ठरलेले आहे. एका कुटुंबाच्या रो-हाऊसवर वेगळा जिना आणि वेगळे स्वयंपाकघर काढून दुसरे कुटुंब ठेवले, की कागदावरचे घर वेगळे आणि विटांचे घर वेगळे होऊन बसते.

सरकारलाही हे ठाऊक आहे. म्हणून आपल्याकडे इम्पॅक्ट फी आली. अनधिकृत बांधकाम नियमित करण्याचा कायदा २००१ मध्ये आला, पुन्हा २०११ मध्ये आला, आणि तिसऱ्यांदा ऑक्टोबर २०२२ मध्ये वटहुकूम निघून डिसेंबरमध्ये कायदा झाला. १ ऑक्टोबर २०२२ पूर्वीचे बांधकाम त्यात बसते. पन्नास चौरस मीटरपर्यंत मूळ फी ३,००० रुपये, शंभरपर्यंत ६,०००. पार्किंगच्या कमतरतेची आणि वापरबदलाची फी वेगळी. सरकारी जमिनीवरचे, रस्त्यावरचे, आरक्षित प्लॉटवरचे, नाल्या-तलावातले बांधकाम नियमित होत नाही. आगीची सुरक्षा आणि इमारतीची मजबुती यांत सूट नाही.

अर्जासाठी आधी चार महिने दिले होते, मग मुदतीवर मुदत वाढली. आपल्या लोकांनी काय केले? "बघू, अजून वाढेल." बँकेच्या काउंटरवर हे वाक्य आम्ही शेकडो वेळा ऐकले आहे. दुसरे वाक्य त्याहून घातक, "साहेब, आमचे वेराबिल येते ना, मग कायदेशीरच आहे." बंधूंनो, वेराबिल म्हणजे परवानगी नव्हे. महापालिका वापराचा कर घेते. कर भरल्याने वरचा मजला नकाशात चढत नाही.

हे आम्ही रोज दुसऱ्यांना सांगत होतो, आणि एक दिवस आम्हालाच ऐकावे लागले. भावाला त्याचा हिस्सा मोकळा करायचा होता. घर विकायचे ठरले, गिऱ्हाईकही चांगले मिळाले, पण त्याच्या बँकेने कर्ज नाकारले. वरचा मजला नकाशात नाही, बीयू परमिशन नाही. आमच्या धंद्यातल्याच माणसाने आमची फाइल परत केली आणि तो बरोबर होता. भावाभावांत दोन वर्षे अबोला राहिला. पाहा, तीन फूट मार्जिन आणि एक न केलेला अर्ज यांनी घर दुभंगते ते असे. आणि पुढे हे आणखी कडक होणार. १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की बांधकाम जुने झाले किंवा अधिकाऱ्यांनी डोळेझाक केली म्हणून ते कायदेशीर ठरत नाही, आणि पूर्णत्वाचा किंवा वापराचा दाखला तपासल्यावरच बँकांनी इमारतीवर कर्ज द्यावे.

२०२३ मध्ये आम्ही अर्ज केला. इंजिनिअरला घर दाखवले. त्याने मजला मोजायच्या आधी जिना हलवून पाहिला, मग खालच्या कॉलमचे प्लास्टर ठोकले. आत सळई गंजलेली. त्याच्यावर आम्ही सोळा वर्षे दुसऱ्याचा संसार ठेवला होता! फी लागली त्याच्या कितीतरी पट खर्च कॉलम आणि जिना दुरुस्त करण्यात गेला. पण तो खर्च करायलाच हवा होता. फी नसती, अर्ज नसता, तर ते प्लास्टर कुणी ठोकलेच नसते.

म्हणूनच फिरणाऱ्या अर्जातली एक गोष्ट आम्हाला पटते, भीतीची. २४ मे २०१९ ला सरथाण्याच्या तक्षशिला इमारतीत आग लागली आणि २२ मुले गेली. वर बेकायदा चढवलेला मजला आणि खाली उतरायला धड वाट नाही. ६ जुलै २०२४ ला सचिन भागातील पाली गावात कामगारांना भाड्याने दिलेली बहुमजली इमारत कोसळली, ७ जण गेले. त्या इमारतीला दहा वर्षेही झाली नव्हती. तेव्हा "आमच्या घरात आम्ही काहीही बांधू" हे आम्हालाही मान्य नाही.

पण फिरणाऱ्या अर्जात जिन्याबद्दल एक शब्द नाही. त्यात आहे "बाहेरची माणसे". ही बाहेरची माणसे कोण? लूमवर बारा तासांची पाळी करणारा, डाईंग मिलमध्ये रंगात हात घालणारा, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरहून नव्याने आलेला आपलाच मुलगा, किंवा ओडिशा, उत्तर प्रदेशचा त्याच्यासारखाच कुणी. आमचे वडील अमळनेरहून ताप्ती व्हॅलीच्या गाडीने आले, तेव्हा उधन्यात एका सुरती कुटुंबाच्या माडीवर पत्र्याच्या खोलीत राहिले. आठ जण, एक मोरी. त्या खोलीचा नकाशा मंजूर होता असे आम्हाला मुळीच वाटत नाही. त्या घरमालकांच्या शेजाऱ्यांनी असाच अर्ज केला असता, तर आज आम्ही इथे उभे नसतो. आपल्यातल्या किती घरांची सुरुवात अशा एखाद्या वरच्या खोलीत झाली, हे ज्येष्ठांनी मनातल्या मनात मोजावे.

शहराचा आकार पाहा. २००१ च्या जनगणनेत सुरत शहर २४ लाखांचे, २०११ मध्ये हद्दवाढीसह ४४ लाखांच्या पुढे. २००६ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये हद्द वाढली. एवढी माणसे राहिली कुठे? लॉकडाऊननंतर २०२० मध्ये केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आणली. त्यात सुरतेतली ३९३ सरकारी घरे भाड्याला दिली गेली. चांगले झाले, पण शेकड्यांनी हा प्रश्न सुटत नाही. या शहरातला खरा भाड्याचा बाजार आपल्या गच्च्यांवरच आहे.

यावर उपाय नाही असे नाही. आपली मुले अमेरिकेत कॅलिफोर्नियात आहेत, त्यांना विचारा. तिथेही घरामागे जोडघर बांधायला शेजारी वर्षानुवर्षे विरोध करत. शेवटी राज्याने कायदे बदलले. २०२० पासून जोडघराचा अर्ज नियमात बसत असेल, तर सुनावणीची आणि शेजाऱ्यांच्या सह्यांची गरज नाही, साठ दिवसांत निर्णय द्यायचा. नियम आधीच स्पष्ट लिहिलेला, त्यात बसले की परवानगी. महाराष्ट्रात गुंठेवारीचा कायदा २००१ मध्ये आला आणि २०२१ मध्ये त्याची तारीख पुढे सरकवावी लागली. आपल्या इम्पॅक्ट फीसारखेच. दर दहा वर्षांनी माफीची खिडकी उघडायची आणि मधली नऊ वर्षे सगळ्यांनी चोरासारखे राहायचे, याने नियम पाळणाराच मूर्ख ठरतो.

म्हणून आमची सूचना अशी, की मंडळाने स्वतःचा अर्ज करावा. नगरसेवक आणि आमदार मते मागायला येतात, त्यात आपली माणसेही आहेत. त्यांच्यापुढे तीन मागण्या ठेवाव्यात. एक, रो-हाऊस आणि टेनामेंटवर एक छोटे स्वतंत्र बिऱ्हाड काढण्याचा कायमचा, सोपा नियम करावा आणि निर्णयाला मुदत असावी. दोन, पक्का जिना, बाहेर पडायची मोकळी वाट, सुरक्षित वायरिंग आणि इंजिनिअरचा मजबुतीचा दाखला यांत एका रुपयाचीही सूट नको. तीन, कारवाई करायचीच असेल तर रीतसर नोटीस आणि ऐकून घेणे. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ ला सांगितलेच आहे, की रस्ता, नाला अशा सार्वजनिक जागेवरचे बांधकाम किंवा न्यायालयाचा आदेश सोडला, तर किमान पंधरा दिवसांच्या नोटिशीशिवाय घर पाडता येत नाही.

आणि आपण घरी काय करायचे? भाडेकरूची नोंद पोलीस ठाण्यात द्या, पोलीस आयुक्तांचे जाहीरनामे तसे सांगतातच. भाडेकरार लेखी करा. जुना मंजूर नकाशा शोधा आणि तो हातात घेऊन स्वतःच्या घरात फिरा. जे जास्तीचे दिसेल ते नियमित करून घ्या, होत नसेल तर काढून टाका. आम्ही मागची तीन फूट जागा मोकळी केली. स्वयंपाकघर लहान झाले, घरात थोडी कुरबुर झाली. पण दाखला हाती आला त्या दिवशी भावाला फोन केला, आणि तो बोलला.

काही जण म्हणतील, पार्किंगचे काय, पाण्याचे काय, रात्री-अपरात्री येणाऱ्यांचे काय? रास्त प्रश्न आहेत. सोसायटीच्या सभेत घ्या, गाड्यांची संख्या ठरवा, पाण्याचा हिशेब घरटी न करता माणशी करा. पण त्यासाठी कुणाचे डोक्यावरचे छप्पर मागू नका.

काकांचा तो अर्ज अजून आमच्या टेबलावर आहे. उद्या आम्ही त्यांच्याकडे परत नेणार आहोत. "बाहेरची माणसे" हे शब्द खोडून तिथे "असुरक्षित जिने आणि कच्चे बांधकाम" असे लिहू या, असे सांगणार आहोत. त्यांनी मान्य केले, तर पहिली सही आमची. आणि तपासणीला साहेब आले, तर त्यांनी पहिला जिना आमचा तपासावा, दुसरा काकांचा.