नंबर नसलेली गाडी आणि आपली मुलं

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या आवारात झालेल्या रस्ता सुरक्षा कार्यक्रमातील भाषण)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा पार्किंगमध्ये सायकली जास्त आणि स्कूटर मोजक्या होत्या. आज खाली उतरलं की आधी चार्जरच्या वायरी दिसतात. मी एसटीत बत्तीस वर्षं स्टिअरिंग धरलं. शहापूर, मुरबाड, माळशेज घाट हे माझे रोजचे रस्ते. म्हणून कमिटीने मला ई-बाईकवर बोलायला सांगितलं.

पहिलंच सांगतो, या गाडीला माझा विरोध नाही. आसनगाव स्टेशन गाठायचं तर रिक्षाची वाट बघावी लागते. मुरबाडला तर रेल्वेच नाही. पेट्रोलचे भाव सगळ्यांना माहीत आहेत. गाडी घ्या, जरूर घ्या. पण कोणती घेतो आहोत ते समजून घ्या.

कायद्याच्या नजरेत या गाड्या दोन प्रकारच्या आहेत. मोटरची ताकद २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर ती मोटार वाहनात धरत नाहीत. तिला पासिंग नाही, लायसन नाही. मात्र तिलाही मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. पुण्याची एआरएआय ही त्यातली एक. त्यापुढची प्रत्येक गाडी म्हणजे सरळ मोटरसायकल. तिला नोंदणी, विमा, लायसन, हेल्मेट आणि हिरवी नंबरप्लेट हे सगळं आलंच. दुकानदार 'काही लागत नाही हो' म्हणाला, की त्याच्याकडे मॉडेलचं प्रमाणपत्र मागा आणि बिलावर मोटरचे वॅट लिहून घ्या.

खरी गोम यापुढे आहे. बिननंबरची गाडी घ्यायची आणि मेकॅनिककडून तिचं स्पीड लॉक काढून घ्यायचं. मग पंचवीसची गाडी पन्नासने पळते. पोरं खूश! पण त्या गाडीचे ब्रेक, टायर, चासी पंचवीसच्याच हिशेबाने केलेली असतात. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागतं. शिवाय ब्रेककडे हात जाईपर्यंत एक सेकंद जातोच. पंचवीसच्या वेगात त्या सेकंदाला सात मीटर जातात, पन्नासच्या वेगात चौदा.

आता ड्रायव्हरच्या सीटवरून काय दिसतं ते सांगतो. समोरून बारीक, बिननंबरची गाडी आली की आम्ही तिला सायकलच्या हिशेबात धरतो. ती लांब आहे, सावकाश येतेय, असं समजून आम्ही वळण घेतो किंवा ओव्हरटेक करतो. ती पन्नासने येत असेल तर आमचा अंदाज चुकतो. आवाज नसतो, त्यामुळे कानही मदत करत नाहीत. आपल्या शहापूर-मुरबाड रस्त्यावर रात्री दिव्यांची वानवा, वळणावर अचानक म्हशी, भातकापणीच्या दिवसांत मागे लाल दिवा नसलेले ट्रॅक्टर. नाशिक हायवेवरच्या ट्रकबद्दल तर बोलायलाच नको. तिथे अशा फसव्या वेगाच्या गाडीला कोण सांभाळून घेणार?

राज्याच्या परिवहन खात्याने २०२२ साली अशा फेरफार केलेल्या ई-बाईकविरुद्ध मोहीम काढली होती. मालकाने गाडीत बेकायदा बदल केला तर मोटार वाहन कायद्यात प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. लायसन नसलेल्या अल्पवयीन मुलाच्या हाती नंबरची गाडी दिली आणि गुन्हा घडला, तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. नोकरीच्या वयात लायसन नसणं म्हणजे काय, हे मुरबाड एमआयडीसीत रोज जाणाऱ्यांना विचारा.

आणि विम्याचं काय? नोंदणी नसलेल्या गाडीने एखाद्याला धडक दिली, तर भरपाई घरातून द्यावी लागते. ती वेळ आली की वाचवलेलं पेट्रोल पुरत नाही, मंडळी.

चार्जिंगबद्दलही सांगायलाच हवं. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये शेजारच्या वसईत घरात चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी फुटली आणि सात वर्षांचा मुलगा गेला. तेव्हा बॅटरी झोपायच्या खोलीत, दाराजवळ किंवा जिन्याखाली चार्जिंगला लावू नका. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते. कंपनीचाच चार्जर वापरा. रात्रभर लावून झोपू नका. पावसात भिजून आलेली गाडी आधी कोरडी होऊ द्या.

कमिटीपुढे माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, पार्किंगमध्ये इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतलेला, स्वतंत्र मीटरचा चार्जिंग पॉइंट करू या. दुसरी, वॉचमनच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक ई-बाईकचं मॉडेल आणि वॅट लिहून ठेवू या. कोणाला पकडून द्यायला नाही, आपल्या घरात काय उभं आहे हे आपल्यालाच कळावं म्हणून. तिसरी, महिन्यातून एका रविवारी सकाळी आवारात मुलांना ब्रेक कसा दाबायचा, आरसा कधी बघायचा, हेल्मेटचा पट्टा कसा लावायचा हे शिकवू या. शिकवायला मी येतो. गुडघे दुखतात, पण शिट्टी वाजवता येते.

बालमित्रांनो, स्पीड लॉक काढलेली गाडी ज्याच्याकडे असेल, त्याने ती पुन्हा कंपनीच्या सेटिंगवर आणावी. घरी सांगायला भीती वाटत असेल तर मला सांगा, बाबांशी मी बोलतो. पहिला वर्ग येत्या रविवारी सकाळी आठ वाजता, गेटजवळ. हेल्मेट घेऊन या.