ताकद कशासाठी?



हल्ली आमच्या आर्वीसारख्या तालुक्याच्या गावातही जिमच्या पाट्या दिसतात. आत मोठाले आरसे, भिंतीवर पिळदार दंडांची चित्रे. तरुण मुले उत्साहाने जातात आणि घरातली वडीलधारी मंडळी शंका काढतात. त्यातल्या चार शंकांविषयी आज बोलू या. मी डॉक्टर नाही, कवितेचा माणूस आहे. पण शरीर तर कवीलाही असतेच.

पहिली शंका : हे खूळ बाहेरून आले का? मुळीच नाही. वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो. त्या अमरावतीत 1914 साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने तिथे आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. दंड, बैठका, मुद्गल, मल्लखांब ही आपली जुनी पुंजी आहे. जिममधले लोखंड नवे असेल, तत्त्व जुनेच आहे.

ते तत्त्व एका ग्रीक दंतकथेत छान सांगितले आहे. मायलो नावाचा मल्ल एक गोऱ्हा रोज खांद्यावर घेई. गोऱ्हा दिवसागणिक वाढत गेला, तसतसे मायलोचे बळही वाढत गेले. वजन थोडे थोडे वाढवायचे, एवढेच त्यातले मर्म. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि स्नायू यांचा मेळ बसल्यामुळे. आरशात फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. नेमकी त्याआधीच पुष्कळ मुले कंटाळून जिम सोडतात.

दुसरी शंका आपल्या भागातली, आणि मोलाची : दिवसभर शेतात राबणाऱ्या बाईला, गठाणी उचलणाऱ्या हमालाला व्यायामाची काय गरज? श्रोते हो, श्रम आणि व्यायाम यांत एक मोठा फरक आहे. व्यायामात ओझे मोजून घेतात, मग विश्रांती घेतात, मग पोटभर खातात. स्नायू भरतो तो त्या विश्रांतीत आणि त्या घासात. कापूस वेचणारी बाई तासन् तास एकाच तऱ्हेने वाकते, घरी येऊन चूल पेटवते आणि सगळ्यांच्या शेवटी, उरलेले खाते. तिच्या वाट्याला ओझे येते, विश्रांती आणि घास येत नाही. तिला बैठका मारायला सांगण्याआधी तिच्या ताटात डाळ किती पडते, हे पाहायला हवे.

म्हणून तिसरी शंका खाण्याची. पावडरचा डबा घ्यावाच लागतो का? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 मध्ये प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली. साठ किलोच्या माणसाला सुमारे 50 ग्रॅम. नियमित वजने उचलणाऱ्याला याहून जास्त लागतात. आता घरातले पाहा. एका अंड्यात सहा ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत सात, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, पेलाभर दुधात तेवढीच. ज्वारीच्या भाकरीतही थोडी असतातच. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये तर छत्तीसच्या वर! आपण ते पोत्यांनी पिकवतो आणि पोत्यांनीच विकून टाकतो. पावडर हे विष नव्हे, पण ती जेवणाची जागा घेऊ शकत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर मात्र प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

चौथी शंका : आता या वयात काय करायचे? खरे तर याच वयात करायचे. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजू लागतात. अमेरिकेत बोस्टन इथे नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांकडून आठ आठवडे वजनांचा व्यायाम करून घेतला. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांच्या पायांतली ताकद दुपटीहून अधिक वाढलेली दिसली. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस असा व्यायाम करायला सांगते. आणि बायका त्याने पुरुषी दिसू लागतील, ही भीती सोडा. तसे स्नायू सहजासहजी येत नाहीत. हाडे मात्र बळकट राहायला मदत होते.

सुरुवातीला खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसा, भिंतीला हात टेकून जोर काढा. हृदयविकार, रक्तदाब असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. वजन उचलताना श्वास कोंडू नये.

ध्येय कोणते ठेवावे? दंडाचा घेर मोजण्यापेक्षा एक साधे माप सांगतो. जेवणाच्या पंगतीतून, नमाजच्या सजद्यातून, निंदणाच्या तासातून माणसाला कुणाचा हात न धरता उठता आले पाहिजे. म्हातारपणी पडून खुबा मोडला की नुसते हाड मोडत नाही. अंगणात जाणे, शेजारणीकडे जाणे, आपल्या हाताने पाणी घेणे, सारेच थांबते. ताकद हवी ती यासाठी. ती घरातल्या तरुण पोराला जितकी हवी, तितकीच त्याच्या आईलाही हवी. तेव्हा उद्या पोरगा जिमला निघाला की त्याला जरूर जाऊ द्या; पण त्याच्या ताटात पडणारे अंडे आणि वरण आईच्याही ताटात पडू द्या.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)