बालाघाटचे मँगनीज आणि देशोदेशींचा व्यापार

वैनगंगेच्या खोऱ्यात, बालाघाट शहराच्या जवळ भरवेली हे गाव आहे. तेथील भूमिगत खाण आशियातील अतिशय खोल मँगनीज खाणींत गणली जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी या भागाचे खनिज सागरापार जाऊ लागले, तेव्हा येथे पोलादाचा कारखाना नव्हता. घरी ज्याचा उपयोग नाही ते विकावे आणि हवे ते आणावे, हे कोणासही पटेल. परंतु ज्याला सर्वच वस्तू इतरांहून कमी श्रमात करता येतात, त्यानेही काही वस्तू दुसऱ्याकडून घेण्यात हित आहे, असे अर्थशास्त्र म्हणते. हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते.

हे कोडे डेव्हिड रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८१७ साली उलगडले. त्याच्या उदाहरणात पोर्तुगाल कापड आणि मद्य दोन्ही इंग्लंडपेक्षा कमी श्रमात करतो. तरीही त्याने मद्य करावे व कापड इंग्लंडकडून घ्यावे, हेच दोघांना लाभाचे ठरते.

हाच हिशेब वारासिवनीच्या परिसरात मांडून पाहू. समजा, एका कुटुंबास लुगडे विणण्यास २ दिवस आणि पोतेभर धान पिकविण्यास ६ दिवस लागतात. शेजारच्या कुटुंबास लुगड्यास १२ व धानास ८ दिवस लागतात. पहिले कुटुंब दोन्ही कामांत सरस आहे. प्रत्येकाने दोन्ही वस्तू घरीच केल्या, तर पहिल्याचे ८ व दुसऱ्याचे २० दिवस खर्ची पडतात. आता पहिल्याने दोन लुगडी विणली, दुसऱ्याने दोन पोती धान पिकविले आणि एकास एक अशी अदलाबदल केली, तर श्रम अनुक्रमे ४ व १६ दिवसांचे होतात. दोघांचेही चार-चार दिवस वाचले. कोण अधिक कुशल हा प्रश्न येथे गौण आहे. एक वस्तू करताना दुसरी किती सोडावी लागते, हाच खरा प्रश्न आहे. यालाच तौलनिक लाभ म्हणतात.

बालाघाटचा इतिहास या तत्त्वाची शक्ती दाखवितो, तशी मर्यादाही. पोलादातील प्राणवायू व गंधक यांचा दोष घालविण्यास मँगनीज लागते. त्या काळी रशियाचा कॉकेशस प्रदेश हा त्याचा मोठा पुरवठादार होता. १९०५ च्या क्रांतीने तेथील पुरवठा विस्कळित झाला आणि हिंदुस्थानच्या खनिजाची मागणी एकदम वाढली. पुढे मध्य प्रांताच्या मँगनीजची निर्यात हे विशाखापट्टणम बंदर बांधण्याचे एक प्रमुख कारण ठरले. ते बंदर १९३३ साली खुले झाले. मात्र दूरदेशीच्या घडामोडींनी भाव चढतो, तसाच तो कोसळतोही. आणि एकाच खनिजावर विसंबलेल्या गावाला त्याचा फटका प्रथम बसतो.

दुसरी मर्यादा वाटणीची. व्यापाराने एकूण लाभ वाढतो. तो कोणाच्या पदरी पडावा, हे व्यापार ठरवीत नाही. येथील प्रमुख खाणी ब्रिटिश कंपनीच्या हाती होत्या. १९६२ साली तिची मालमत्ता घेऊन मँगनीज ओअर इंडिया ही कंपनी स्थापन झाली, आणि १९७७ मध्ये ती पूर्णपणे सरकारी झाली. खाणकामाने बाधित लोकांसाठी प्रत्येक अशा जिल्ह्यात निधी असावा, ही कायदेशीर तरतूद येण्यास २०१५ साल उजाडावे लागले.

तिसरी गोष्ट अशी की, तौलनिक लाभ हा शिलालेख नव्हे. खुद्द बालाघाटात आता फेरो मँगनीज तयार होते. देशातील पोलाद व मिश्रधातूंचे उद्योग इतके वाढले, की एकेकाळी मँगनीज पाठविणारा भारत आज दक्षिण आफ्रिका व गॅबन येथून तेच खनिज आणवितो. यात हार नाही. कच्चा माल विकणारा देश पक्का माल करू लागला, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून व्यापाराचे दार लावून घेणे शहाणपणाचे नाही, आणि ते उघडून स्वस्थ बसणेही नाही. आज ज्यात आपली सरशी आहे ते करावे, त्यातून आलेले धन शिक्षण, कौशल्य व यंत्रे यांत घालावे, आणि खाणीच्या तळाशी घाम गाळणाऱ्याचा वाटा त्याच्या घरी पोचतो की नाही, याकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे.